डेऱ्यापुढची बाई

जळकोट, ४ फेब्रुवारी १९८६

सौ. चांगुणा हिला, बब्रुवानकडून.

पत्राचं कारण भांडण नाही, चित्र आहे. तेव्हा हातात पडल्याबरोबर चुलीत घालू नकोस.

डेअरीची नवी खोली तू जायच्या आधीच बांधून झाली होती. आता चेअरमन आबारावांच्या मनात आलंय, की दारातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर एक मोठं ऑइल पेंटिंग दिसलं पाहिजे. त्यांच्या माजघरात एक छापील तसबीर आहे, त्यांच्या आज्यानं निजामाच्या काळात हैदराबादेहून आणलेली. जुन्या वळणाचं स्वयंपाकघर आहे. चूल, उतरंड, शिंकं, कोनाड्यात दिवा आणि मधोमध डेऱ्यापुढं बसून ताक घुसळणारी बाई. तीच मोठी करून हवी. मीटिंगमध्ये शिवशरण पेंटरचं नाव निघालं, हमरस्त्यावर ट्रकांच्या पाठी रंगवतो तो. मी म्हणालो, शाळेत असताना मी ड्रॉइंगची एलिमेंटरी परीक्षा पास झालोय, शिवशरणनं मला नुसतं शिकवावं, चित्र मी काढतो. सगळे गप्प झाले. कौतुकानंच झाले असणार.

तर सकाळचं दूध गेलं की दुपारी मी शिवशरणच्या शेडमध्ये बसतो. लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणून त्याला सरस आणि सफेदा फासून झाला. तसबिरीवर पेन्सिलीनं बारीक चौकोन पाडले, कापडावर तेवढेच मोठे चौकोन पाडले. आता लहान चौकोनात जे दिसेल ते मोठ्या चौकोनात उतरवायचं, एवढंच काम. डोकं चालवायचं नाही, फक्त बघायचं, असं शिवशरण म्हणतो. मला ते सोपं वाटतंय.

अडचण एकच. तसबिरीला खालून ओल लागलीय. बाईचं तोंड, दागिने, उतरंड सगळं लख्ख आहे, पण तिचे हात, दोरी आणि डेऱ्याचं बूड तिथं नुसता तपकिरी डाग. चौकोनात डागच असेल तर उतरवायचं काय? म्हणून कळव: रवीला दोरी कशी गुंडाळतात, घुसळताना दोन्ही हात कुठं असतात, आणि डेरा कशावर बसवतात. चित्राच्या कामापुरतंच विचारतोय.

बाकी सगळं ठीक आहे. म्हैस माझ्या हाताला रुळली. जेवणाचं अडत नाही. तू ज्या गोष्टीवरून गेलीस तिच्यावर मी लिहिणार नाही. ते घरचं काम नव्हतं, संस्थेचं होतं, आणि नियम सगळ्यांना सारखा.

बब्रुवान
सचिव, दूध डेअरी, जळकोट


जळकोट, १९ फेब्रुवारी १९८६

सौ. चांगुणा हिला,

उत्तर नाही. पोस्टाला दोष देता येत नाही, कारण पोस्टमन रोज माझ्यासमोरच बसून चहा पितो.

माझी समजूत होती की आधी बाई काढायची आणि मग मागची भिंत. शिवशरणनं ब्रश हातातून काढून घेतला. "आदी अंधार भरा सायेब. उजेड मागनं बसतोय त्येच्यावर." मी काळा रंग घेतला तर तोही पुसायला लावला. म्हणाला, चुलीकडचा अंधार काळा नसतो, घरी जाऊन बघून या.

म्हणून गेलो. दुपारच्या वेळी आपल्या स्वयंपाकघरात उभा राहिलो. माळवदाच्या झरोक्यातून उजेड येतो तो थेट तुझ्या बसायच्या जागेवर पडतो, चुलीवर नाही, हे मला माहीत नव्हतं. चुलीमागची भिंत काळी नाहीच, तांबूस आहे, पिकल्या चिंचेसारखी. एवढी वर्षं मी चुलीच्या अलीकडं पाटावर बसून जेवलो, मान ताटात. पलीकडं काय आहे ते बघायला मला तसबिरीतल्या परक्या बाईनं पाठवलं. हसू नकोस.

घुसळायच्या खांबाला दोरीनं वळ पडलाय. बोट फिरवलं तर गुळगुळीत लागला. आपला डेरा शोधला, तो कोपऱ्यात सापडला, आत कोंबडी खुडूक बसलीय. तिनं चोच मारली. डेअरी सुरू झाली तेव्हा मीच बोललो होतो, सचिवाच्या घरात थेंबभर दूध मागं राहायचं नाही, लोक बघतात. तेव्हापासून घरात ताक झालेलं नाही. तू कधी काही बोलली नाहीस म्हणून मला वाटलं, तुला चालतं.

हातांचं शिवशरणला विचारलं. म्हणाला, "तुमी लगीन झालेलं मानूस, तुमाला ठावं पायजे." लग्न त्याचंही झालंय, ठाऊक त्यालाही नाही. शेवटी अंदाजानं मीच दोन्ही हात छातीशी ओढून घेतलेले काढले. जोर लावल्यासारखे दिसतात. आबाराव बघून गेले, वा म्हणाले.

म्हैस दूध देते. कशी देते ते विचारू नकोस.

आणि एवढं सांगतो, की किटलीभर दुधावरून माणूस घर सोडतं का, याचा एकदा शांत डोक्यानं विचार कर. चार माणसांत नवऱ्याला पदाला धरून वागावं लागतं. उत्तर दे.

बब्रुवान
सचिव


जळकोट, ५ मार्च १९८६

चांगुणा,

गुलाबच्या अक्षरातलं कार्ड मिळालं.

म्हणजे तुझी भाची माझी पत्रं तुला वाचून दाखवते. तुला वाचता येत नाही हे मला लग्नापासून ठाऊक आहे, तेव्हा कुणीतरी वाचणार हे मला सुचायला हवं होतं. पण ओट्यावर बसून? तुझा भाऊ पिराजी, भावजय केशरबाई, पाणी भरायला आलेल्या बाया, शेजारपाजार सगळ्यांपुढं? गुलाबनं लिहिलंय, "मामा, खाली सचिव दूध डेअरी वाचलं की समदे हसत्यात." नवराबायकोची पत्रं म्हणजे काय गावची दवंडी आहे? मी पोस्टाचं बंद पाकीट वापरतो ते कशासाठी? सोनारीला मी जावई म्हणून येतो, यात्रेला येतो, काळभैरवाला नारळ फोडतो, उद्या त्या ओट्यावर मी पाय कसा ठेवू? लाज वाटली मला. डेअरीत बसल्याबसल्या कान गरम झाले, आणि समोर पोस्टमन चहा पीत होता.

असो. तू सांगितलेलं गुलाबनं जसंच्या तसं उतरवलंय. "एक हात फुडं जातो तवा दुसरा मागं येतो. दोनी हात आपल्याकडंच वढले तर रवी फिरत न्हाई, दोरी तुटती. डेरा चुंबळीवर बसीवत्यात, भुईवर बसीवला तर कलंडतो." माझं सगळं चुकलं होतं. डेरा भुईवर, हात छातीशी. दुपारी पत्र्याच्या तुकड्यानं खरवडून काढलं. ऑइलचा रंग लवकर वाळत नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. शिवशरण म्हणाला, "आता बगा, हात जिते वाटायलेत." मी त्याला सांगितलं नाही की मला कुणी शिकवलं.

किटली कुठं आहे म्हणून विचारलंस. किटली आहे. जागेवर आहे.

कार्डाच्या कडेला, उभ्या ओळीत, गुलाबनं स्वतःच्या मनानं काही लिहिलंय. ते तू सांगितलेलं नसावं. "मामा, आत्याला हितं दुभत्याला हात लावू देत न्हाईत. आई म्हणती, जिच्या दुधात पाणी निगालं म्हणून नवऱ्यानं वतून दिलं तिचा हात आमच्या भांड्याला नको. आत्या काय बोलत न्हाई. शेण काढती."

केशरबाई असं म्हणते?

मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटलं तू माहेरी आहेस, भाऊ आहे, खाऊनपिऊन सुखात असशील, राग गेला की येशील. दुपारपासून ही ओळ वाचतोय. इथंच थांबतो.

बब्रुवान


जळकोट, १२ मार्च १९८६

गुलाब बेटा, हे पत्र ओट्यावर वाचू नकोस. आत्याला गोठ्यात ने आणि तिच्या कानात वाच. तुझ्या मामाची शपथ आहे.

चांगुणा, त्या दिवसाचं लिहितो.

आदल्या दिवशी बिराप्पाच्या दुधात लॅक्टोमीटर खोल बुडाला होता. पाणी असलं की तो बुडतो, हे दूध घालायच्या ओळीतलं पोरसुद्धा सांगेल. पण सध्या सगळ्यांचाच बुडतो, कारण कडबा नाही, जनावरं उसाचं वाढं खाऊन जगतायत, दूध पातळ येणारच. मी बिराप्पाला म्हणालो, दुष्काळ आहे, चालतंय, आणि दूध घेतलं. तेव्हा ओळीतून कुणीतरी बोललं, "चालतंयच की. उद्या सायबाच्या घरची किटली यायची हाय." कोण बोललं ते बघितलं नाही. ते मला झोंबलं. एवढी वर्षं मी घरात ताकाचा थेंब ठेवला नाही आणि मलाच हे?

दुसऱ्या दिवशी आबाराव नेमके खुर्ची टाकून बसलेले. तुझी किटली आली. लॅक्टोमीटर बिराप्पाच्या दुधाएवढाच बुडाला. पाणी नाही हे मला ठाऊक होतं. म्हैस आपली, वैरण आपली, तिच्यापुढं वाढं मीच टाकलेलं. पण सगळी ओळ माझ्या तोंडाकडं बघत होती आणि मला वाटलं, आज दाखवायचंच. "पाणी हाय," मी मोठ्यानं म्हणालो. तेवढ्यावर थांबून किटली परत दिली असती तरी चाललं असतं. मी ओतलं.

भुई इतकी तहानलेली होती की दूध पसरायच्या आत जिरलं. तू किटली माझ्या हातातून घेतलीस, पदर खोचलास आणि बाजूला होऊन म्हणालीस, "फुडच्याची घ्या." एवढंच. आबारावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, याला म्हणतात सचिव. मी घरी आलो तेव्हा किटली घासून ओट्यावर पालथी घातलेली होती, भाकरी टोपलीत झाकलेली होती, आणि तू माहेरी जायला परंड्याच्या एस.टी.त बसलेली होतीस. मी ती भाकरी खाल्ली. सगळी खाल्ली.

चूक झाली असं मी म्हणत नाही. घाई झाली. तू केशरबाईला नीट समजावून सांग की वैरणीचा दोष होता, म्हणजे विषय मिटेल. माझं नाव मध्ये आणायची गरज नाही.

चित्राचं बरं चाललंय. बाईच्या लुगड्याचा पहिला हात दिला. शिवशरण रंगात टर्पेंटाइन घालून पार पाण्यासारखा करतो, जवसाचं तेल मागाहून घालायचं म्हणतो. मी म्हणालो, हे पातळ लावणं म्हणजे लबाडी वाटते. तो म्हणाला, "पातळ म्हंजी खोटं न्हवं सायेब. पैला हात पातळच आसतोय. पैलाच हात जाड दिला तर फुडं भेगा पडत्यात." मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. मला टोमणा मारला की खरंच रंगाचं सांगत होता, कळलं नाही. त्याला त्या दिवसाचं कुणी सांगितलं असणार नाही. गावात कुणाच्या ध्यानात राहिलंय, असं मला वाटत नाही.

बब्रुवान


जळकोट, २९ मार्च १९८६

चांगुणा,

कार्ड मिळालं. या वेळी कडेला काही नव्हतं, मधोमध एकच ओळ होती. "आत्या म्हणती, दूध चारचौघात वतलं, आन आता पत्र कानात वाचायचं व्हय?"

यावर चिडून बघितलं, जमलं नाही.

ती शपथ मी परत घेतो. गुलाबनं कुठंही वाचावं. त्या दिवसाचं चारचौघात कबूल करायची हिंमत अजून माझ्यात आलेली नाही, म्हणून लहान खोट्या गोष्टी आधी काढून टाकतो. मोठ्या पत्राआधी हात साफ होईल.

किटली जागेवर नाही. शिवशरणच्या शेडमध्ये ब्रश धुवायला रॉकेल लागतं, ते ठेवायला भांडं हवं होतं. ओट्यावर तुझी किटली पालथी होती. घासलेली, रिकामी. मी ती नेली आणि तिच्यात रॉकेल ओतलं. तू विचारलंस तेव्हाही तिच्यात रॉकेलच होतं, तळाला काळा गाळ बसला होता. कार्ड आल्यावर ती घरी आणली. राखेनं घासली, चिंचेनं घासली, उन्हात ठेवली. वास जात नाही. रोज घासतोय. आपल्यात दुधाचं भांडं कुणी रिकामंसुद्धा परत देत नाही, साखरेची चिमूट तरी टाकतात. मी काय टाकलं ते बघ.

दुसरं, म्हैस माझ्या हाताला रुळली हे खोटं. तू गेल्यावर तिनं मला जवळ येऊ दिलं नाही. पान्हाच सोडेना. लाथा खाल्ल्या, मांडी काळीनिळी झाली. शेजारच्या गजराबाईनं भिंतीवरून बघितलं आणि म्हणाली, "तिच्या मालकिनीचं लुगडं गुंडाळ अंगाला. वळकीचा वास लागतो तिला." पेटीतलं न धुतलेलं तुझं हिरवं लुगडं काढलं, अंगाभोवती गुंडाळलं, पदर डोक्यावरून घेतला आणि बसलो. मग तिनं पान्हा सोडला. रोज तसाच बसतो. सचिव, दूध डेअरी, पदर घेऊन. सांग गुलाबला, खुशाल मोठ्यानं वाच म्हणावं.

एके सकाळी वाढ्याचा भारा मागायला बिराप्पा थेट गोठ्यात आला. मला वाटलं, आता गावभर होतंय. तो हसला नाही. मान फिरवून म्हणाला, "निगतंय न्हवं दूध? मग झालं." आणि भारा उचलून गेला. आजपर्यंत गावात कुठं उच्चार नाही. मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं, ते मला ठाऊक आहे.

चित्र संपत आलंय. फक्त उजेड भरायचा राहिलाय. पाडव्याला डेअरीत टांगायचं ठरलं.

बब्रुवान


जळकोट, १२ एप्रिल १९८६

पिराजी, केशरबाई आणि ओट्यावर बसलेल्या सगळ्या मंडळींना जळकोटच्या बब्रुवानचा नमस्कार.

गुलाब, हे मोठ्यानं वाच. गडबड करू नकोस. कुणी बाई डोक्यावर घागर घेऊन उभी असेल तर तिला खाली ठेवू दे, मग वाच.

चांगुणाच्या दुधात पाणी नव्हतं. त्या दिवशी नव्हतं आणि कधीच नव्हतं. मी ते ओतलं तेव्हा मला हे ठाऊक होतं. तसलंच दूध मी आदल्या दिवशी दुसऱ्याचं घेतलं होतं. लोकांनी मला सच्चा म्हणावं म्हणून मी माझ्या बायकोला लबाड ठरवलं. केशरबाई, तुम्ही जे ऐकलंत ते माझ्या तोंडातून निघालेलं होतं, तिच्या किटलीतून नाही. तिचा हात दुभत्याला लागू नये असं तुम्हाला वाटत असेल तर माझा हात लागू देऊ नका. मी सोनारीला आलो तर मला ताकसुद्धा वाढू नका.

हे इथं लिहितोय कारण तुमच्यासमोर बोलायचं धाडस होईपर्यंत उशीर झाला असता. गावात बोललो. परवा पाडव्याला चित्र टांगलं. आबारावांनी नारळ फोडला आणि म्हणाले, सचिवांनी चित्र कसं काढलं त्यावर दोन शब्द बोलावेत. दूध घालायला आलेली सगळी ओळ उभी होती, किटल्या हातात. मी चित्रावर काही बोललो नाही. वर लिहिलंय तेच बोललो, याच जागेवर ओतलं म्हणून पायाखालची भुई दाखवली.

आबाराव पुटपुटले, "सणाच्या दिशी हे कामून काढलं?" मग गजराबाई म्हणाली, "आमाला तवाच ठावं व्हतं की. तुमी कवा म्हणताव त्येची वाट बगत व्हतो." आणि तिनं आपली किटली पुढं केली, कारण ऊन व्हायला लागलं होतं.

एवढे दिवस मी समजत होतो की गावाला विसर पडलाय. सगळे ठाऊक असून रोज माझ्यासमोर येत होते, दूध मोजून देत होते आणि मला सायेब म्हणत होते. चांगुणा, मला एवढी लाज कधी वाटली नव्हती, ओतलं त्या दिवशीही नाही.

लॅक्टोमीटर मी टेबलावर ठेवला. सचिवपण सोडलं. सध्या तपासायला बिराप्पा बसतो, तो सातवी शिकलेला आहे.

मग बाया चित्रासमोर आल्या. आधी दागिन्यांना हसल्या, एवढं सोनं घालून कोण ताक करतं म्हणाल्या. मग बराच वेळ हातांकडं बघत होत्या. एकीनं स्वतःचे दोन्ही हात हवेत पुढंमागं करून पडताळा घेतला. "हात बरूबर हायेत. गड्याला कसं जमलं? कुणी शिकीवलं?" मी तुझं नाव सांगितलं.

बब्रुवान


जळकोट, ३० एप्रिल १९८६

चांगुणा,

गुलाबचं कार्ड आलं. पत्र वाचून झाल्यावर पिराजी उठून बैलांकडं गेला, आणि संध्याकाळी केशरबाईनं दुधाची चरवी तुझ्यापुढं आणून ठेवली, "वन्सं, इरजण तुमीच लावा," म्हणाली. तू लावलंस. दही चांगलं लागलं, असं गुलाबनं वेगळ्या ओळीत लिहिलंय. हे वाचून मला रडू आलं. पोस्टमन होता, असू दे.

तू परत यायचं काही सांगितलेलं नाहीस. मी कार्ड उलटून बघितलं, कडेलाही बघितलं.

किटलीचा वास गेला. शेवटी गजराबाईनं शेणाचा लगदा भरून ठेवायला सांगितलं, मग गरम पाणी, मग पुन्हा राख. तिच्यातच दूध घेऊन आता मी ओळीत उभा राहतो. आधी मी टेबलाच्या त्या बाजूला होतो, आता या बाजूनं बघतो. या बाजूनं लॅक्टोमीटर फार हळू खाली जातो. तू रोज एवढा वेळ श्वास धरून उभी राहत होतीस का?

काल माझ्या दुधात तो बुडाला. पार बुडाला, वाढंही आता संपत आलंय. ओळ बघत होती. बिराप्पानं बघितलं, मी बघितलं. मी मनात म्हणालो, ओत. खरंच वाटलं मला, यानं ओतावं, सगळ्यांदेखत ओतावं, म्हणजे फिटेल काहीतरी. तो लॅक्टोमीटर पुसत म्हणाला, "दुस्काळ हाय. चालतंय. फुडच्याची घ्या." आणि माझं दूध मोठ्या कॅनमध्ये गेलं. एवढंच होतं ते. एवढंच म्हणायचं होतं मला त्या दिवशी. रिकामी किटली घेऊन मी बाजूला झालो आणि समोर भिंतीवर ती बाई घुसळत होती, माझ्याकडं न बघता.

शिवशरणला मी सांगून आलोय की पुढचं चित्र तसबिरीवरून नको, आपल्याच स्वयंपाकघराचं काढतो. तो म्हणाला, मग चौकोन कशावर पाडणार? मी म्हणालो, बसतो आणि बघतो. कोंबडीनं पिल्लं काढली, डेरा रिकामा झाला. धुऊन चुंबळीवर बसवून ठेवलाय.

आता खरी गोष्ट लिहितो. परवा म्हशीनं मान वळवून लुगडं हुंगलं आणि पाय झाडला. काल अर्धीच धार दिली. मी लुगडं नाकाला लावून बघितलं. माझ्या घामाचा वास येतो, जवसाच्या तेलाचा, रंगाचा. तुझा येत नाही. कधी गेला ते माझ्या ध्यानात आलं नाही, म्हशीच्या आलं.

तू यावंस म्हणून लिहीत नाही, असं लिहिणार होतो. खोटं कशाला लिहू, यावंस म्हणूनच लिहितोय. पण यायचं नसलं तर परंड्याच्या गाडीच्या कंडक्टरजवळ तुझं एक नेसलेलं लुगडं पाठव. धुऊ नकोस.

बब्रुवान